खणात अडकलेला व्याजदर

"हे सांगितलं की तुम्ही दोघी मला वेड्यात काढणार," मामा म्हणाले, "आणि काढाल तर तुमचं काही चुकणार नाही. मी स्वतः तिथे नसतो तर माझाही विश्वास बसला नसता. एका दुपारी या अख्ख्या देशाचा व्याजदर माझ्या टेबलाच्या खणात अडकून बसला होता. आणि तो सोडवायला दस्तुरखुद्द गव्हर्नर चार जिने चढून वर आले होते."

"लिफ्ट नव्हती?" मामींनी विचारलं. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे प्रश्न बाहेर पडला तो दातांच्या फटीतून.

"बंद होती."

"तुमच्या गोष्टींत लिफ्ट कधी चालू असल्याचं मी ऐकलं नाही."

घराची पुढची खोली म्हणजे मामींचं शिवणकामाचं दुकान. रस्त्याच्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या, एका भिंतीला शिवणयंत्र, दुसऱ्या भिंतीला कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि मधोमध एक बुटकं स्टूल. माप द्यायला येईल त्याने त्या स्टुलावर निमूट उभं राहायचं, असा मामींचा कायदा होता. आत्ता तिथे भाची उभी होती. तिच्या अंगात अर्धवट शिवलेला करडा कोट होता. एक बाही लागलेली, दुसरी अजून टेबलावर पडलेली, कडांना सगळीकडे पांढरे धावदोरे. मामा खिडकीशी बसून कुणाच्या तरी जुन्या सुटाची शिवण ब्लेडने उसवत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मामींनी त्यांना हेच खातं दिलं होतं. "आयुष्यभर इकडचे कागद तिकडे केलेत. शिवणं काही तुम्हाला जमायचं नाही, निदान उसवा तरी," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मामा उसवण्यात भलतेच तरबेज निघाले होते.

व्याजदर खणात अडकला हे ऐकून भाचीने अदबीने मान डोलावली.

"आई गं!"

"मान हलवू नकोस म्हटलं ना?" मामी म्हणाल्या. "कॉलरला टाचणी आहे."

दुखणं सगळं त्या मानेतच होतं.

भाची हुशार होती, आणि हे केवळ मामांचं मत नव्हतं. उद्या सकाळी तिची मध्यवर्ती बँकेत मुलाखत होती. जागा बाजार विभागातली. गव्हर्नरांनी ठरवलेला दर खरोखर बाजारात उतरतो की नुसता फलकावर राहतो, हे रोज बघणारा विभाग. गेल्या वर्षी तिथल्याच लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. मग मुलाखत झाली. पॅनेलचे अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "तारणाचे रोखे दुर्मिळ झाले की त्यांच्यावर मिळणाऱ्या पैशाचं व्याज चढतं. बरोबर ना?"

साफ उलटं होतं ते. मुद्दाम उलटं विचारलं होतं. त्या विभागात त्यांना असा माणूस हवा होता, जो वेळ पडली तर गव्हर्नरांच्या तोंडावर सांगेल की साहेब, आपलं चुकतंय. भाचीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने बरोबर उत्तर दिलं असतं. पण समोरचा माणूस वयाने मोठा, आवाज भारदस्त, खुर्ची उंच. तिची मान आपोआप हलली. "हो सर," ती म्हणाली. तिथेच सगळं संपलं.

आता वयाची मर्यादा संपत आली होती. उद्या जमलं नाही तर पुन्हा त्या दारातून आत जाता येणार नव्हतं.

"धीट हो," असं तिला घरातल्या प्रत्येकाने सांगून झालं होतं. त्या प्रत्येक उपदेशाला तिने मान डोलावली होती.

म्हणून मामांनी उपदेशाच्या वाटेला न जाता आपली वाट धरली होती. मामांच्या थापा सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. आजवर त्यांनी ज्या काही थापा मारल्या त्या पकडल्या जाऊ नयेत अशा बेताने मारल्या. आज पहिल्यांदाच त्यांना अशी थाप मारायची होती जी पकडली जावी. भाचीच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, मोठ्या माणसाला "खोटं!" असं निघावं. घरात निघालं तर उद्या तिकडेही निघेल. काम सोपं वाटलं होतं. पण ही पोरगी व्याजदराला खणात बसवल्यावरही मान डोलावत होती.

"मला समजेल असं सांगणार असाल तर सांगा," मामी म्हणाल्या. "नाहीतर गप्प उसवा."

"सांगतो की. तुझी ती मोठी कात्री घे."

"कशाला?"

"अगं, समज नुसतं. समज तुला आज रोकड हवी आहे. अस्तराचं कापड आणायचंय आणि गिऱ्हाईक पैसे देणार उद्या. तू बटणवाल्याकडे जातेस. म्हणतेस, ही कात्री ठेव आणि पैसे दे. उद्या तुझे पैसे व्याजासकट आणून देते, माझी कात्री परत कर. कात्री म्हणजे तारण."

"माझी कात्री मी बटणवाल्याकडे ठेवणार? त्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला तर?"

"नाही कापणार गं! ऐक तरी. तू पैसे बुडवलेस तर कात्री त्याची, म्हणून तो निर्धास्त. आता दुपारी बटणवाल्याला पैशाची नड आली. तो तीच कात्री दोरेवाल्याकडे ठेवतो. दोरेवाला इस्त्रीवाल्याकडे. कात्री एक, पण तिच्या जोरावर गल्लीभर पैसा फिरतो. बँकांचं अगदी असंच चालतं. फक्त कात्रीच्या जागी सरकारी रोखे. सरकार कर्ज काढतं तेव्हा जे रोखे देतं ते. सरकार काही रातोरात गाशा गुंडाळत नाही, म्हणून त्या रोख्यांवर सगळ्यांचा जीव. एका बँकेला रोकड कमी पडली की ती दुसरीकडे रोखा ठेवते, एका दिवसापुरते पैसे उचलते. त्या पैशाला जे व्याज पडतं ना, त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं व्याज जातं. लोकांच्या घरकर्जापासून तुझ्या शिवणयंत्राच्या हप्त्यापर्यंत."

"हप्ते कधीच फिटले."

"अभिनंदन. आता समज, गल्लीत धड कात्री एकच उरली. तुझी. मग?"

याचा विचार करायला मामींना वेळ लागला नाही. "मग मी कशाला कुणाच्या दारात जाते? बटणवालाच येईल माझ्याकडे. वहिनी, पैसे घ्या, हवे तेवढे घ्या, व्याजाचं नावही काढू नका, पण कात्री दिवसभर माझ्याकडे राहू द्या, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"आणि तू ताणून धरलंस तर?"

"तर वर चहा पाजेल. बिस्किटंसुद्धा आणेल."

"बघ!" मामांनी ब्लेड हवेत नाचवलं. "व्याज तर नाहीच, वर चहा. पैसे देणाराच पदरचं घालतोय, का, तर त्याला कात्री हवी. यालाच म्हणतात शून्याखालचं व्याज. म्हणजे तारण दुर्मिळ झालं की त्याच्यावर मिळणाऱ्या पैशाचं व्याज..."

ते थांबले आणि त्यांनी स्टुलाकडे बघितलं.

"उतरतं," भाची पुटपुटली.

"आं? रस्त्यावर रिक्षा ओरडतेय."

"उतरतं, मामा." आणि त्याबरोबर मान हललीच. "आई गं!"

हे तिला येत होतंच. विचारलं की सांगता येत होतं. पण विचारणाराच चुकीचं सांगायला लागला की हिची वाचा बसायची. मामांनी सुटाची बाही उलटी केली, ब्लेड पुन्हा शिवणीत घातलं आणि गोष्टीला हात घातला.

"तर आमच्या बँकेत माझी खोली चौथ्या मजल्यावर. तारण खोली. बाजारात तेव्हा एका रोख्याला भलता भाव आला होता. निळ्या किनारीचा रोखा. दहा वर्षांच्या मुदतीचा. सगळ्यांना तोच हवा. विमा कंपनीला तोच, पेन्शन फंडाला तोच, दलालांना तर स्वप्नातही तोच दिसायचा. एका दलालाने तो घरी नेला, फ्रेम करून लावला आणि आठवडाभर ऑफिसला आलाच नाही. म्हणे, डोळ्यांआड करवत नाही."

ही पुढची थाप. रोखे कागदावर छापणं मामा तारण खोलीत येण्याआधीच बंद झालं होतं. सगळा हिशेब संगणकावर, फ्रेम करायला हातात येणार काय? भाचीने यावरच एक अख्खा निबंध लिहिला होता आणि तो मामांनीच तपासून दिला होता. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली, क्षणभर थांबली, आणि विरघळली. मान हलली.

"त्या वर्षी महागाई भडकलेली," मामांनी आवाज चढवला. "गव्हर्नरांनी सकाळी जाहीर केलं, व्याजदर वाढवला! किती, माहितेय? दर जागच्या जागी दुप्पट! आणि पुढे म्हणाले, कुणाला पटत नसेल त्याने समोर यावं."

"असं म्हणाले?" मामी.

"शपथ."

"कुणाची?"

"गव्हर्नरांची."

भाचीला हसू आलं. ते तिने आवरलं, कारण हसलं की खांदे हलतात आणि खांद्यांवर मामींचा खडू फिरत होता. मामांना तेवढंही पुरेसं होतं. हसणं आलं म्हणजे शंका फार मागे नाही.

"आता त्याच सकाळी तो निळा रोखा फिरत फिरत माझ्याकडे आला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला. दुपारी विमावाला आला. म्हणाला, साहेब, रोखा द्या, पुढे पेन्शनवाल्याला कबूल केलाय. मी खण ओढला. हलेना. पाय लावून ओढला. टेबल पुढे आलं, खण जागच्या जागी. लाकूड असं फुगलं होतं की काही विचारू नका. तेवढ्यात पेन्शनवाला आला. त्याने तो दलालाला कबूल केलेला. दलाल आला. त्याने आणखी कुणाला. रोखा एक, वायदे सात, आणि खण बंद! बातमी बाजारात पोचली. मग जे सुटले लोक! ज्याच्याकडे दुसरा एखादा निळा रोखा होता तोही घट्ट धरून बसला. उद्या मलाच लागला तर, म्हणून. जो तो पैसे घेऊन दारोदार. घ्या हो पैसे. व्याज नको. निम्मं नको, अजिबात नको. माझ्या खोलीबाहेर ही रांग. जिन्यापर्यंत! सगळ्यांच्या हातात पैसे आणि एकही घेणारा नाही. एक जण तर मला म्हणाला, पैसे ठेवून घ्या, वर ही छत्री पण ठेवा."

"छत्री घेतलीत?" मामींनी विचारलं.

"घेतली. तीच ती दारामागची."

"ती माझ्या भावाची आहे."

"तुझ्या भावाला मीच दिली होती."

मामींनी एक टाचणी अशी काही टोचली, की ती कोटाला होती की नवऱ्याला असा प्रश्न पडावा. पण त्या गोष्ट ऐकत होत्या. हात चालू होते, कान इकडे होते. दुसरी बाही त्यांनी मुंढ्याला लावून बघितली, थोडी मागे फिरवली आणि धावदोऱ्याने जोडली.

"सकाळी गव्हर्नरांनी दर वर नेलेला," मामा म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाजारातला दर शून्यावर. चहाच्या वेळेला शून्याच्या खाली! गव्हर्नरांनी आमच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, मी सकाळी एक दर पाठवला होता, तो पोचलेला दिसत नाही. वाटेत कुठे अडकलाय बघा जरा. साहेब म्हणाले, चौथ्या मजल्यावर, टेबलाच्या खणात. तासाभरात गव्हर्नर हजर. सोबत त्यांचे सचिव आणि एक सुतार."

"सुतार कशाला आणला?" मामी म्हणाल्या. "खणाला साबण चोळायचा."

"तू तेव्हा तिथे असायला हवी होतीस. देशाचा किती त्रास वाचला असता! सुतार म्हणाला, फोडावा लागेल. गव्हर्नर ओरडले, खबरदार, आत रोखा आहे! मग ते माझ्या खुर्चीत बसले. धापा टाकत होते बिचारे. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी घाम पुसला आणि सचिवांना विचारलं, अहो, पण एका कागदावर सगळा बाजार कसा काय लटकला? बाकीचे निळे रोखे गेले कुठे? सचिव छताकडे बघायला लागले. खोकले. म्हणाले, साहेब, आपल्याकडेच आहेत. आपल्याकडे म्हणजे? तळघरात, साहेब. मंदीच्या वर्षांत लोकांच्या हातात पैसा खेळावा म्हणून आपणच बाजारातून रोखे विकत घेतले होते. गाड्या भरभरून. ते सगळे तळघरात आहेत. कुलपावर सही आपलीच आहे."

मामींचे हात थांबले. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून तळव्यावर घेतल्या, म्हणजे आता जे बोलायचं ते मोकळ्या तोंडाने बोलायचं होतं.

"म्हणजे गल्लीतल्या सगळ्या कात्र्या या गृहस्थाने गोळा करून स्वतःच्या घरात कोंडल्या, आणि वर विचारतोय, लोकांना कात्री का मिळत नाही?"

"अगदी बरोब्बर!"

"आणि याला गव्हर्नर कुणी केला?"

"अगं, कोंडल्या तेव्हा बरोबरच होतं त्यांचं. तेव्हा लोकांना पैसा हवा होता, कात्री कुणाला नको होती. पण दिवस पालटले. आता दर वर न्यायचा, तर तळघर आड येतं. स्वतःच्या डाव्या हाताने स्वतःचाच उजवा हात धरून ठेवल्यासारखं झालं."

हे शब्द मात्र खरे होते, आणि मामांच्या तोंडून खरं निघालं की त्यांचा आवाज आपसूक खाली यायचा. भाचीच्या ते लक्षात आलं असावं. ती आता स्टुलावर वेगळ्या तऱ्हेने उभी होती. तिचे डोळे खिडकीबाहेर होते, पण बघत होती ती आतलं काहीतरी. मनातल्या मनात ती त्या तळघराचं कुलूप उघडून पुढे काय होईल ते पाहतेय, हे मामांनी ओळखलं.

हीच वेळ होती. मामांनी ब्लेड खाली ठेवलं, चष्मा काढला आणि कपाळावर चढवला. पाठ ताठ केली. आवाज पोटातून काढला, जड, भारदस्त, ज्याच्यासमोर माणसं आपोआप उभी राहतात तसा.

"मग गव्हर्नरांनी हुकूम सोडला. तळघर उघडा. रोज सकाळी रोखे बाजाराला दिवसापुरते उसने द्या, संध्याकाळी परत घ्या. झालं! दुसऱ्या दिवशी ज्याला हवा त्याला निळा रोखा. रांग नाही, रडारड नाही. आणि रोखे असे मुबलक झाल्याबरोबर बाजारातला दर," त्यांनी तळहाताने हवा खाली दाबली, "आणखी कोसळला. पार रसातळाला."

मामींनी तोंड उघडलं. त्यांच्या गल्लीत कात्र्या मुबलक झाल्यावर बटणवाला फुकट चहा कशाला पाजेल, हे त्यांना तिथल्या तिथे दिसलं होतं. त्या बोलणार एवढ्यात मामांनी चष्म्याखालून असे काही डोळे वटारले, की त्या थबकल्या. त्यांनी मामांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या पोरीकडे. नवऱ्याची थाप आणि नवऱ्याचा डाव यांतला फरक त्यांना इतक्या वर्षांत कळत होता. त्यांनी मुकाट्याने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.



भाचीचे ओठ किंचित उघडले. मामा पुढे झुकले.

आणि तिने मान डोलावली.

इतकी मोठी थाप, इतकी उघडीवाघडी, आणि तीही गिळली! उद्या सकाळी तो दुसरा चष्मा कपाळावर चढेल आणि ही मान अशीच खाली जाईल. पण मामांचा एक गुण होता. थाप पचली नाही म्हणून ते कधी खचले नव्हते. पचली म्हणून तर मुळीच खचणार नव्हते. त्यांनी आणखी मोठी काढली.

"लक्षात ठेव हं, उद्या हेच विचारतील. तारण मुबलक झालं की व्याज कोसळतं. ठणकावून सांग."

"मामा..." ती म्हणाली. "तुम्हाला नक्की आठवतंय?"

"काय म्हणालीस?"

"नाही, म्हणजे, दर कोसळला हे."

"माझ्या आठवणीवर शंका घेतेस? माझ्या? मी त्या खोलीत केस पांढरे केले!"

"तसं नाही, मामा." मान पुन्हा खाली. कॉलरची टाचणी तिला टोचली असणार, पण या वेळी ती ओरडलीसुद्धा नाही.

मामी ओठांतल्या टाचण्यांमधून काहीतरी अस्पष्ट म्हणाल्या. ते "पुरे" असावं, किंवा "सोडू नका." मामांनी दुसरं धरलं.

ते खुर्चीतून उठले. स्टुलासमोर येऊन उभे राहिले. स्टुलामुळे भाची त्यांच्याहून उंच झाली होती, म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या. "आणि मग तिथून पुढे गव्हर्नरांना गुरुकिल्लीच सापडली. पुढच्या वर्षी महागाई पुन्हा भडकली. धान्य महाग, औषधं महाग, माणसं हवालदिल. दर वर न्यायला हवा, आणि तो खाली खाली चाललेला. गव्हर्नर बाजार विभागात आले आणि म्हणाले, सोपं आहे! उसने दिलेले सगळे रोखे परत मागवा. बाजारात एकही ठेवू नका. तळघरात टाका आणि लावा कुलूप, दर आपोआप वर जाईल. लोकांची महागाईतून सुटका! कागद सहीला तयार होता. त्यांनी विभागातल्या बाईंकडे बघितलं आणि विचारलं..." मामांनी चष्मा कपाळावर आणखी एक बोट वर सरकवला आणि थेट भाचीच्या डोळ्यांत पाहिलं. "करू ना सही, मॅडम? बरोबर आहे ना?"

"नाही," भाची म्हणाली.

मामी तिच्या मागे होत्या. त्यांचे हात हवेतच राहिले.

"काय म्हणालात?" मामांनी आवाज आणखी जड केला.

"सही करू नका. नाही, सर." ती स्टुलावरून खाली उतरली. मुंढ्याजवळचा धावदोरा टर्रकन उसवला आणि नवी बाही कोपरापर्यंत घसरली. तिकडे तिचं लक्षही नव्हतं. "म्हणजे, मामा. उलटं होईल."

"उलटं? मुली, मी तिथे होतो!"

"असाल."

"गव्हर्नरांना पाणी मी दिलं या हातांनी!"

"दिलं असेल, मामा, आणि दिलं नसेल तरी माझं काही म्हणणं नाही!" तिचा आवाज खिडकीबाहेर गेला. फुटपाथवर कुणीतरी वळून बघितलं. "छत्री घ्या, सुतार घ्या, रोखा फ्रेम करा, मला चालेल. पण हे नाही चालणार. रोखे मिळत नव्हते, म्हणून लोक व्याज सोडून त्यांच्यामागे धावत होते, म्हणून दर पडला होता. तुम्हीच सांगितलंत. तळघर उघडलं, ज्याला हवा त्याला रोखा मिळाला, मग पैसेवाला कशाला कुणाच्या पाया पडेल? तो व्याज मागणारच. दर वर जायला हवा, गव्हर्नरांनी ठरवला होता तिथपर्यंत. आणि महागाईत पुन्हा कुलूप लावलंत तर दर पुन्हा पडेल, आग आणखी भडकेल. दर कोसळला म्हणालात ना? खोटं आहे ते. तुम्ही म्हणालात तरी खोटं, आणि उद्या पॅनेलचे अध्यक्ष म्हणाले तरी खोटं!"